अमेरिकेतल्या मेरीलँडमधून कालवं राज्याबाहेर पाठवायची आहेत? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

एक परवाना हातात आला की काम झालं, ही पहिली चुकीची समजूत. मेरीलँडमध्ये कालवांमागे तीन खाती आहेत. कालवं काढायचा परवाना नैसर्गिक संसाधन खात्याचा. कालवं काढायला कुठलं पाणी उघडं आणि कुठलं बंद, हे पर्यावरण खातं ठरवतं. माल विकायला आणि राज्याबाहेर पाठवायला लागणारं प्रमाणपत्र आरोग्य खात्याचं. एका खात्याचा कागद दुसऱ्याकडे चालत नाही. असं का, हे मला विचारू नका.

काढणाऱ्याला परवाना, त्यावर कालवांचा वार्षिक अधिभार आणि दर दोन वर्षांनी प्रशिक्षण लागतं. व्यावसायिक हंगाम 1 ऑक्टोबर ते 31 मार्च.

आकाराची मर्यादा 3 इंच, बिजागरीपासून समोरच्या टोकापर्यंत. लहान मालाला 5 टक्के सूट आहे, पण रिकाम्या शिंपल्याही त्याच 5 टक्क्यांत धरतात. पुष्कळजण नेमके इथे सापडतात. निवड जिथे कालवं काढली तिथेच करायची आणि लहान परत पाण्यात सोडायची. धक्क्यावर येऊन निवडू म्हणाल तर उशीर झाला.

आता पाठवणाऱ्याचं प्रमाणपत्र. अर्जात प्रकार निवडताना नीट बघा. शिंपल्यासकट माल पाठवायचा तर ‘एसएस’, फोडून गर विकायचा तर ‘एसपी’. ‘आरएस’ म्हणजे दुसऱ्याकडून घेतलेला माल पुढे पाठवणारा; त्याने प्रमाणित व्यापाऱ्याकडूनच माल घ्यायचा असतो, थेट होडीवरून नाही. सोपा वाटतो म्हणून आरएस निवडणारे पुढे रडतात.

जागेची तपासणी, 45 अंश फॅरनहाइट किंवा त्याखालचं शीतगृह, हे जमून जातं. अडतो तो हॅसप आराखडा, म्हणजे धोका कुठे आहे आणि तुम्ही तो कसा रोखता याचा लेखी हिशेब. लोक दुसऱ्याचा उतरवून आणतात. एकाच्या आराखड्यात कालवं फोडायच्या टेबलाची सफाई तपशिलात लिहिली होती. त्याच्याकडे टेबलच नव्हतं! आराखडा तुमच्याच जागेचा आणि तुमच्याच मालाचा हवा, आणि तो प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने केलेला हवा.

प्रमाणपत्र मिळालं म्हणून लगेच ट्रक भरू नका. आंतरराज्य प्रमाणित व्यापाऱ्यांची एक यादी एफडीए, म्हणजे अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन, प्रसिद्ध करतं. त्यात नाव येईपर्यंत समोरच्या राज्यातला खरेदीदार माल घेणार नाही.

शेवटी टॅग. प्रत्येक गोणीला पाण्यात न फाटणारा टॅग लागतो, किमान 2⅝ बाय 5¼ इंचांचा. काढण्याची जागा म्हणून नुसतं ‘चेसापीक बे’ लिहू नका, नेमकं क्षेत्र लिहा. टॅग 90 दिवस जपायचा, पण हे दिवस माल आला तेव्हापासून मोजायचे नाहीत, गोणी रिकामी झाली तेव्हापासून मोजायचे. दूषित कालवांतून होणारा हेपटायटिस ए हा यकृताचा आजार संसर्गानंतर 50 दिवसांनीही उमटू शकतो, आणि माल कुठला होता ते टॅगवरूनच शोधायचं असतं, म्हणून एवढी मुदत. शेवटचं कालव विकल्याची तारीख भरायला टॅगवर रिकामी जागा असते. मी पाहिलेल्या बहुतेक टॅगांवर ती रिकामीच होती. आणि खरेदी-विक्रीच्या नोंदींना हे 90 दिवस लागू नाहीत: ताज्या मालाच्या एक वर्ष, गोठवलेल्याच्या दोन वर्षं ठेवाव्या लागतात.