सापडलेल्या नाण्याचा वाटा: बेळगाव सीमाभागातली पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जुनं नाणं निघायचं ते नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खणतीत, नाहीतर पडक्या घराच्या जोत्यात. वडगाव-माधवपूरचं जुनं ठिकाण सातवाहनकाळातलं, हलशी कदंब राजांची, वर आदिलशाही, मग शिवरायांची शिवराई. मेटल डिटेक्टर इथे फार उशिरा आला. महायुद्धात सुरुंग हुडकणाऱ्या यंत्राची ही धाकटी भावंडं आता ऑनलाइन मिळतात; खानापूरच्या जांभ्यात मात्र लोहच इतकं, की स्वस्तातलं यंत्र नाणं नसतानाही कोकलत राहतं.

वाद पेटतो तो वाट्यावरून. १८७८ चा निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा इथे मुंबई इलाख्याच्या काळात आला. दहा रुपयांवरचा ऐवज सापडला की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. मूळ धनी पुढे आला नाही आणि आधी वेगळा करार नसला, तर रुपयातले बारा आणे सापडणाऱ्याला, चार आणे जमीनमालकाला. लपवलं तर वाटा गेला, शिवाय वर्षापर्यंत कैद. इथवर ठीक. पण सरकारला ऐवज ठेवून घ्यायचा असेल, तर मोबदला धातूच्या किमतीएवढा आणि वर तिचा पाचवा हिस्सा. म्हणजे कदंबांच्या गद्याण या सोन्याच्या नाण्याला सराफकट्ट्याचा भाव आणि शिवराईला तांब्या-पितळेच्या मोडीचा! त्यावरचं ‘श्री राजा शिव’ हिशेबातच नाही. हा निकष ज्यांनी ठरवला त्यांनी नाण्याला मुशीची वाटच मोकळी करून दिली, असं आमचं मत.

१९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला जोडला. १९६२ ला म्हैसूरने स्वतःचा निखात निधी कायदा केला. तेव्हापासून हद्दीच्या अल्याडपल्याडच्या दोन शिवारांत सापडलेल्या सारख्याच हंड्याला दोन कायदे. अल्याडच्या मराठी शेतकऱ्याच्या हाती पंचनामाही कानडीत.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याने, तो लागू झाला १९७६ ला, धातूचा मुद्दा बाजूला सारला: शंभर वर्षांचं नाणं ही पुरावस्तू, धंदा परवान्यानेच, खासगी माणसाला परदेशी नेण्यास बंदी. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परवानगीशिवाय कुदळ लावता येत नाही.

गुप्तधनासाठीचे अघोरी विधी कर्नाटकात २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरले. नुसतं यंत्र फिरवणाऱ्याला ते कलम लागत नाही; पण रात्री परक्याच्या रानात बॅटरी घेऊन खड्डा काढणारा दिसला, की गावकरी कलमं चाळत बसत नाहीत.