ऊती (मानवी शरीरातील)

सारखी रचना असलेल्या आणि मिळून एकच काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात. मानवी शरीरात तिचे अभिस्तर, संयोजी, स्नायू व चेता असे चार मुख्य प्रकार आहेत.

अभिस्तर ऊती शरीराचे आतले-बाहेरचे पृष्ठभाग झाकते. तिच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषण खालच्या संयोजी ऊतीकडून मिळते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून घर्षणाने तो जाड होतो. निंदणाऱ्या बायांच्या तळहातांवरचे घट्टे हे त्याचेच रूप.

संयोजी ऊतीत पेशी विरळ आणि आधारक (पेशींमधली जागा भरणारा पदार्थ) भरपूर. हाडे, कास्थी (कूर्चा), चरबी आणि चक्क रक्तही याच प्रकारात मोडते. रक्ताचा आधारक द्रवरूप असतो एवढेच. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा या रक्ताचाच आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिन या लाल पेशींतल्या प्रथिनातील एक अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) बदलल्याने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी मग १०-२० दिवसांतच नष्ट होते.

अभिस्तर आणि संयोजी ऊतींचे नाते बिघडले की काय होते, हे विदर्भात खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात दिसते. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. सुपारीतील अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखालच्या संयोजी ऊतीत कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू साचत जातात. सुरुवातीला तिखट भाजीने तोंड भाजते, याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पुढे गाल आतून पांढुरका व ताठर होतो, आणि तीन बोटे उभी मावायची त्या तोंडात एक बोटही जेमतेम शिरते. हा सबम्युकस फायब्रोसिस. खर्रा सोडल्यावरही आखडलेले तोंड सहसा पूर्ववत होत नाही; काहींच्या वरच्या अभिस्तरात पुढे कर्करोग होतो.

स्नायू ऊती आकुंचन पावते. हाडांना जोडलेले पट्टेदार स्नायू ऐच्छिक (आपल्या मर्जीने हलणारे), आतड्यांतले बिनपट्ट्यांचे अनैच्छिक. हृदयाचा स्नायू पट्टेदार असूनही अनैच्छिक असतो.

चेता ऊती संदेश वाहते. पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा चेतातंतू सुमारे एक मीटर लांब असतो. कुष्ठरोगाचे जंतू अशा तंतूंभोवती आवरण करणाऱ्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या पेशींत शिरतात. मग बधिर तळपायात बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही, आणि बोटे झिजतात ती बहुतेक अशाच जखमा चिघळून.