चढणीच्या वाटा का बुजल्या?

मृगाच्या सरींनी नाले वाहू लागले की वैनगंगेच्या खोऱ्यातले मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात. नदीतून नाल्यात, नाल्यातून बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, आणि तलावाच्या उथळ काठाला जाऊन अंडी घालतात. हेच चढणीचे मासे. पाऊस ओसरला की पिलांसह खाली उतरतात. उन्हाळ्यात धार आटते, तेव्हा खोल डोहांत उरलेल्या माशांवरच पुढच्या वर्षीची वीण अवलंबून असते. अशा डोहात विष किंवा सुरुंग टाकणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरवले आहे, तरी हे प्रकार थांबलेले नाहीत.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. मरळ, शिंगी, मागूर, वाम हे मासे तिथे कुणी न सोडता वाढायचे. मरळीची जोडी पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते आणि पिलांची राखण करते. वनस्पती गेल्या की मरळही जाते.

हे तलाव पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. मालगुजारी संपवणारा कायदा १९५० मध्ये झाला आणि तलाव सरकारकडे गेले. आज त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. पुढे गाळ साचला, काठावर बेशरम हे उपद्रवी झुडूप माजले. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कटला, रोहू यांसारख्या कार्प माशांचे प्रजनन करून दाखवले. त्यामुळे मत्स्यबीज मुबलक झाले, हा मोठा लाभ होता. पण कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, म्हणून बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्यातच बीज खाणारी म्हणून मरळ नकोशी ठरली. हे ढिवरांचे, म्हणजे इथल्या मासेमार समाजाचे, दुहेरी नुकसान होते, असे मला वाटते.

नदीवरचा घाला याहून मोठा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. वाहत्या वैनगंगेच्या लांब पट्ट्यात आता साचलेले पाणी आहे, आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून, पुढे कन्हानमार्गे त्यात येते.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर स्त्री-पुरुषांसोबत काही तलावांत बेशरम उपटून, तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या. या कामाला नाल्यांची जोड हवी. चढणीच्या दिवसांत नाल्याला आडवे जाळे लागू नये आणि प्रत्येक गावाने उन्हाळी डोह राखून ठेवावा, हे ग्रामसभेलाही ठरवता येईल.