तिथीची पाऊणपट आणि ‘नुसती थिअरी’

नियम म्हणजे काय, हे कोकणात कुणाला शिकवायला नको. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हर्णैच्या बंदरात होडी काढणाऱ्याला एवढं पुरतं. काय घडतं, किती वाजता घडतं, ते नियम सांगतो.

घोटाळा होतो तो सिद्धांतापाशी. “उत्क्रांती नुसती थिअरी आहे हो, अजून नियम कुठे झालाय!” हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एसटीत ऐकलंय. एका विज्ञान प्रदर्शनात तर शिडीच रंगवली होती: खाली गृहीतक, मध्ये सिद्धांत, माथ्यावर नियम. कारकुनाचा हेडक्लार्क व्हावा तशी सिद्धांताला बढती मिळते म्हणे!

बढतीबिढती काही नसते. सिद्धांताचं कामच वेगळं: जे घडतं ते का घडतं, हे सांगायचं. चंद्राकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढलं जातं, पलीकडचं कमी. म्हणून फुगवटे दोन आणि भरत्याही दोन. पृथ्वीची एक गिरकी होईतो चंद्र पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला रोज सुमारे ५० मिनिटं जादा लागतात. पाऊणपटीतला पाऊण तास आला तो इथून. अमावास्या-पौर्णिमेला सूर्यही त्याच रेषेत ओढतो, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास आडवा ओढतो, म्हणून भांग, म्हणजे कमजोर भरती.

आता हीच पाऊणपट घेऊन भावनगरला जा. होडी चिखलात बसेल. खंभातच्या आखातात भरती आत शिरायला वेळ लागतो, मुंबईनंतर काही तासांनी ती तिथे पोचते. पाऊणपटीकडे याला उत्तर नाही. किनाऱ्याचा आकार आणि पाण्याची खोली हिशेबात धरणाऱ्या सिद्धांताकडे आहे.

आणि शिडीवाल्यांसाठी: गुरुत्वाकर्षणाचा न्यूटनचा नियम १६८७ चा, आइन्स्टाइनचा सिद्धांत १९१५ चा. बुधाच्या कक्षेतला शतकामागे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक नियमाला सुटला नव्हता, तो या मागून आलेल्या सिद्धांताने सोडवला.

गृहीतकाचं फार काही नाही. तपासता येईल असा मांडलेला अंदाज, बस. “यंदा बांगडा लवकर येणार, अशी माझी थिअरी आहे” असं कुणी म्हणालं की मी लगेच “अंदाज म्हण रे” म्हणतो. घरचे वैतागतात. पण थिअरी हा शब्द मी बांगड्यावर खर्चू देणार नाही.