एकशे अठ्ठावीस चाकांचा हिशेब

पारोळ्याच्या अलीकडे, सुरत-नागपूर महामार्गावर, चहाच्या टपरीसमोर मध्यंतरी एक ट्रेलर थांबला होता. वर ताडपत्रीत बांधलेला ट्रान्सफॉर्मर, पुढे ओढणारा पुलर. मी खाली वाकून चाकं मोजली. एका रांगेत आठ, अशा सोळा रांगा, म्हणजे 128. बाकावरचे एक काका म्हणाले, "हा निघाला की रस्त्याची वाट लागली समजा!" तेवढ्यात शिगोशिग वाळू भरलेला दहाचाकी डंपर धुरळा उडवत गेला. त्याच्याकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. खरा गुन्हेगार तो होता, म्हणूनच हे लिहायला घेतलं.

रस्त्याला गाडीचं एकूण वजन कळत नाही. त्याला कळतो तो चाकांच्या एकेका आडव्या आसाखालचा, म्हणजे एकेका अ‍ॅक्सलखालचा भार. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक दिवसरात्र फिरवले गेले. त्यातून निघालेला नियम आजही वापरात आहे: अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. दोनाचा चौथा घात. हा घात रस्त्याच्या जातीप्रमाणे थोडा बदलतो, पण ढोबळ हिशेबाला चार चालतो.

आपल्याकडे रस्त्याची रचना करताना चार टायरांवर 8.16 टन हा प्रमाण अ‍ॅक्सल धरतात. डंपरच्या मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या जोडीला कायद्याने 21 टनांची मुभा आहे. तिथे 32 टन लादले, तर एका अ‍ॅक्सलवर 16 टन येतात. 16 भागिले 8.16, त्याचा चौथा घात: जवळपास 15, म्हणजे प्रमाणाच्या 15 पट झीज. दोन अ‍ॅक्सल म्हणजे 30.

आता ट्रान्सफॉर्मर 200 टनांचा धरू आणि ट्रेलरचं स्वतःचं वजन 60 टन. 260 टन सोळा रांगांत वाटले की रांगेला सव्वासोळा टन. रांगेचे डावा-उजवा असे दोन भाग असतात, प्रत्येकाला चार टायर. म्हणजे प्रत्येक भागावर 8.1 टन, जवळजवळ प्रमाण अ‍ॅक्सलच! असे भाग 32, म्हणून झीजही 32. वाळूचा एक डंपर आणि हा अजस्र ट्रेलर रस्त्याला सारखेच महाग पडतात. ट्रेलर वर्षाकाठी एखादा जातो, डंपर रोज किती जातात ते जळगावकरांना सांगायला नको.

पण हा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा आहे: भार सगळ्या चाकांवर सारखा पडतो. साध्या ट्रकच्या पाट्यांच्या स्प्रिंगवर तो तसा पडत नाही. उंचवट्यावर चढलेलं चाक जास्त ओझं घेतं, खड्ड्यातलं चाक अंग चोरतं. इथेच मला या ट्रेलरचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. प्रत्येक चार टायरांच्या वर तेलाचा एक सिलिंडर आहे आणि ते सिलिंडर नळ्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. शाळेतला पास्कलचा नियम आठवा: बंद द्रवातला दाब सगळीकडे सारखा. चाक खड्ड्यात गेलं की बाकीच्या सिलिंडरांतलं तेल तिकडे धावतं, तिथला सिलिंडर लांब होतो, दाब मात्र सारखाच राहतो. ट्रेलर निघाला तेव्हा मी तिसऱ्या रांगेवर नजर ठेवली होती. चाक खड्ड्यात उतरलं, सिलिंडरचा चकचकीत दांडा चार बोटं बाहेर आला आणि वरचा ट्रान्सफॉर्मर जागचा हलला नाही.

मग सगळेच सिलिंडर एकत्र का जोडत नाहीत? कारण तसं केलं तर ट्रेलर जरा कलताच खालच्या बाजूचं तेल वरच्या बाजूला सरकत जाईल आणि ओझं आडवं होईल. म्हणून झडपा बंद करून सिलिंडरांचे तीन गट पाडतात. प्रत्येक गट म्हणजे एक पाय, तीन मिळून तिपाई. तिपाई उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही, पण ओझ्याचा गुरुत्वमध्य तिन्ही पायांच्या त्रिकोणाच्या आतच पडायला हवा. एकच पाय असलेल्या टोकाकडे त्रिकोण निमुळता होतो, तिथे उलटण्याचा धोका वाढतो. चार गट केले तर कलायला जास्त विरोध होतो, पण वाकड्या रस्त्यावर ट्रेलरच्या सांगाड्याला पीळ बसतो. कुठलं मांडायचं ते मालाची उंची पाहून ठरतं. पुलरच्या बंपरला लिंबू-मिरची लटकत होती. श्रद्धा ज्याची त्याची, पण उतारावर ओझं सावरतं ते त्रिकोण आणि तेलाच्या दाबामुळेच, आणि ट्रेलरवरच्या तेलाच्या दाबाचा काटा बघणाऱ्या माणसाला ते पक्कं ठाऊक असतं. त्याला वजन विचारलं तर म्हणाला, "भाऊ, वजन नई, वजननी वाटणी देखनी पडस."

साक्रीकडच्या पवनचक्क्यांची पाती नेताना मात्र प्रश्न उलटा असतो. पातं वजनाने किरकोळ, लांबीला अवाढव्य. तिथे रांगा वाढवून उपयोग नाही. लांब होणारा ट्रेलर लागतो, मागची चाकंही वळणारी.

आणि पुलावर चौथ्या घाताचा हिशेब पुरत नाही. दीड-दीड मीटरवर सोळा रांगा, म्हणजे जेमतेम 24 मीटर. दोन खांबांमधल्या तीस मीटरच्या गाळ्यावर सगळे 260 टन एकदम येतात. नव्या पुलांच्या भारतीय संहितेत यासाठी 385 टनांचं खास वाहन धरलंय: 18 टनांच्या 20 रांगा म्हणजे 360, वर पुलरचे 25. अट अशी की वाहन पुलाच्या मधोमध, ताशी पाच किलोमीटरपेक्षा हळू चालावं आणि तेव्हा पुलावर दुसरी गाडी नको. जुना पूल असेल तर आधी तपासणी, नाहीतर नदीपात्रातून तात्पुरता रस्ता.

पुढे बांभोरीला गिरणेचा पूल होता. काटा बघणारा पुलरमध्ये बसला नाही. दाबाच्या काट्यावर डोळा ठेवून तो ट्रेलरच्या बाजूने पायीच निघाला.