“उद्यापासून येऊ नको” एवढ्यावर का भागत नाही, त्यामागची गोष्ट

छोटा कारखाना किंवा हॉटेल चालवणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की माणूस दांड्या मारतो, सांगितलेलं ऐकत नाही, वर उलट बोलतो, मग महिन्याचा पगार हातावर टेकवून त्याला घरी का नाही पाठवायचं? मेमो, चार्जशीट, चौकशी अधिकारी, साक्षीदार, एवढा खटाटोप कशाला? वकील म्हणतो “प्रोसिजर आहे साहेब”, पण ती आली कुठून हे सहसा कोणी सांगत नाही.

गंमत म्हणजे आधी सगळं उलटं होतं. १८५९ चा एक इंग्रजी अंमलातला कायदा होता, त्यात उचल घेऊन कामगार काम सोडून गेला तर मालक त्याला थेट मॅजिस्ट्रेटसमोर उभा करू शकायचा, अगदी तुरुंगापर्यंत मजल जायची. मालकाने मनात आलं म्हणून काढलं तर मात्र विचारणारं कोणी नाही. हा कायदा रद्द व्हायला १९२५ उजाडलं.

तोवर मुंबईच्या गिरण्यांत वेगळंच राज्य होतं, जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं. कामावर घेणार तोच, काढणार तोच, आणि दोन्हीसाठी दस्तुरी, म्हणजे हात ओले करायचे पैसे, खाणार तोच. गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाणारा बदली कामगार तर पहाटे गेटवर उभा राहायचा आणि आज काम मिळणार का हे जॉबरच्या मर्जीवर. १९२८ चा सहा महिने चाललेला गिरणी संप आपल्याला पगारकपातीसाठी आठवतो, पण त्यात स्टँडिंग ऑर्डर्सचाही वाद होता, म्हणजे गिरणीचे नियम एकट्या मालकांनीच ठरवायचे का. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांची कमिटी बसली, तिच्यासमोर या नियमांचा कीस पडला. पुढे १९३८ च्या मुंबई कायद्याने असे नियम लेखी करून सरकारकडून मंजूर करून घेणं बंधनकारक केलं आणि १९४६ मध्ये देशभरासाठी स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा आला. गैरवर्तन कशाला म्हणायचं याची यादी आधी लावा, आरोप लेखी द्या, त्याचं म्हणणं ऐका आणि मग ठरवा, हे तिथलं. आपली आजची चार्जशीट ही त्या गिरणीच्या नोटीस बोर्डाची नात म्हणा ना.

मग १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. साध्या करारात मालकाने चुकीचं काढलं तर फार तर नुकसानभरपाई, नोकरी परत नाही. पण १९४९ मध्ये मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात फेडरल कोर्टाने, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या आधीच्या कोर्टाने, सांगितलं की औद्योगिक न्यायाधिकरण कामगाराला परत कामावर घ्यायला लावू शकतं. मालकांची खरी धास्ती इथून सुरू होते. १९५३ मध्ये मंदीत गिरण्यांच्या पाळ्या बंद होऊ लागल्या तेव्हा कामगारकपातीचे नियम आले, एक महिन्याची नोटीस, दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार, आणि शेवटी आला तो आधी जाणार. बरेच जण इथेच गोंधळतात, काम कमी आहे म्हणून काढणं वेगळं आणि वागणूक वाईट म्हणून काढणं वेगळं, दोन्हीच्या वाटा वेगळ्या. भांडकुदळ माणसाला ‘कपात’ दाखवून काढलं आणि महिन्याभरात त्याच जागी दुसरा भरला की खरं कारण उघडं पडतं.

१९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मालकांना थोडा दिलासा दिला होता. चौकशी नीट झाली असेल, सूडबुद्धी नसेल, निष्कर्ष अगदीच अतर्क्य नसेल, तर न्यायाधिकरणाने शिक्षेत हात घालू नये. पण १९७१ च्या शेवटी औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११ अ आलं आणि लेबर कोर्टाला शिक्षा कमी करायचाही अधिकार मिळाला. महाराष्ट्राने त्याच सुमाराला अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा स्वतःचा कायदा केला, अंमल १९७५ पासून. किरकोळ चुकीसाठी, मागचं रेकॉर्ड न बघता धक्कादायक मोठी शिक्षा देणं ही त्यात सरळ अनुचित प्रथा ठरते. म्हणून वकील जुना मेमो आहे का, आधी समज दिली होती का, हे पहिलं विचारतो.

दांडीबहाद्दरांचं प्रकरण मला सगळ्यात बोधक वाटतं. एका कंपनीच्या नियमात होतं की आठ दिवसांहून जास्त न सांगता गैरहजर राहिला की नोकरी आपोआप गेली. कंपनीने तसं नाव कापलं. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, आपोआप वगैरे काही नाही, आधी त्याला विचारायला हवं होतं, आणि अर्ध्या थकीत पगारासह त्याला परत घ्यायला लावलं. २०१३ मध्ये चुकीच्या पद्धतीने काढलेल्या महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेला (तिथे मुद्दा दांडीचा नव्हता) तर पूर्ण थकीत पगार मिळाला.

माझ्या बघण्यातल्या एका युनिटमध्ये ज्या सुपरवायझरशी झटापट झाली त्यालाच चौकशी अधिकारी नेमलं होतं, वर मालकाला वाटत होतं की कागद तर सगळे केलेत! चौकशीत अशी खोट निघाली तरी आरोप कोर्टात नव्याने सिद्ध करायची संधी मालकाला मिळू शकते, पण ती वेळेत मागावी लागते, आणि ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या लेबर कोड्स, म्हणजे कामगार संहिता, लागू झाल्यात. स्टँडिंग ऑर्डर्स आता ३०० कामगारांपासून, त्यामुळे लहान कारखानदार खूश आहेत, पण अन्यायाने काढल्याची तक्रार लहान ठिकाणचा कामगारही करू शकतोच, फक्त मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली. ज्यांना स्टँडिंग ऑर्डर्स लागू आहेत त्यांनी सस्पेंड केल्यावर चौकशी साधारण ९० दिवसांत संपवायची आणि तोवर अर्धा पगार द्यायचा. आणि एक गोष्ट, काढला असो की राजीनामा दिलेला असो, पगाराचा हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचाय, तेव्हा “फुल अँड फायनल दीड महिन्याने बघू” हे अकाउंट्सवाल्यांचं पाठ झालेलं वाक्य आता चालणार नाही.