बेकची प्रश्नावली फारसीत आली, ती विद्यार्थ्यांमार्फत

हबीबुल्ला कासेमजादे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बेक नैराश्य प्रश्नावलीच्या, म्हणजे नैराश्य किती आहे ते गुणांत मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या, दुसऱ्या आवृत्तीचं फारसी रूप प्रसिद्ध केलं. तपासणी झाली १२५ इराणी विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर. अंतर्गत सुसंगतीचा अल्फा, म्हणजे प्रश्नावलीतले मुद्दे एकमेकांशी किती जुळतात याचं माप, ०.८७ आला (१ म्हणजे पूर्ण जुळणी), तर तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतल्यावर दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध ०.७४. आकड्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण नैराश्य मोजायचं साधन दवाखान्याऐवजी वर्गात का तपासलं गेलं?

मूळ प्रश्नावली दवाखान्यातच जन्मली. फिलाडेल्फियात मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी उपचारांदरम्यान रुग्ण वारंवार काय बोलतात ते टिपलं आणि त्यातून २१ मुद्दे काढले. १९६१ च्या त्यांच्या लेखात रुग्णांचे दोन गट आहेत, एक २२६ जणांचा, दुसरा १८३ जणांचा. तेव्हा विधानं रुग्णाला मोठ्यानं वाचून दाखवली जात, प्रत रुग्णाच्याही हातात असे. स्वतः वाचून खुणा करायची पद्धत नंतर रुळली, आणि तिथून हे साधन दवाखान्याच्या बाहेर पडलं.

१९९६ ची दुसरी आवृत्ती अमेरिकेतल्या निदानाच्या नव्या निकषांशी जुळवून घेतलेली. 'गेला आठवडा'ऐवजी 'गेले दोन आठवडे' आले. वजन घटण्याचा मुद्दा गेला, अस्वस्थतेचा आला. झोप आणि भूक कमी झाली तशी वाढलीही असू शकते, हे मान्य झालं. ही आवृत्ती तपासताना ५०० बाह्यरुग्णांच्या जोडीला कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाचे १२० विद्यार्थीही होते. इराणमध्ये त्यातला हा दुसराच गट तेवढा आला.

त्याला कारणं होती. विद्यार्थी एका जागी सापडतात आणि काही दिवसांनी दुसऱ्यांदा भरायलाही हाती लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्विन मॅकनेमार यांनी १९४६ मध्येच टोमणा मारला होता, की मानवी वर्तनाचं शास्त्र हे बव्हंशी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांच्या वर्तनाचं शास्त्र आहे. इराणमध्ये आणखी एक गोष्ट आहे. अझेरी, कुर्दी, बलुची, गिलाकी घरांतली मुलंही विद्यापीठात फारसीतूनच शिकतात, त्यामुळे छापील फारसी वाचणारा गट तिथे आयता मिळतो. पण विद्यापीठाबाहेर दुःख सांगायची रीत वेगळी असू शकते. मानववंशशास्त्रज्ञ बायरन गुड यांनी इराणमधल्या मराघे या अझेरीभाषक शहरात अभ्यास केला, तेव्हा लोक आपलं दुःख छातीतल्या धडधडीच्या, हृदयाच्या त्रासाच्या रूपात सांगत होते. त्यांचा लेख १९७७ चा. बेकच्या २१ मुद्द्यांत धडधड नाही.

कसोटीची रीतही बाहेरून तयार होऊन आली होती. अल्फाचं सूत्र ली क्रॉनबाख यांच्या १९५१ च्या लेखामुळे रूढ झालं. अनुवाद दुसऱ्याकडून मूळ भाषेत परत करून घ्यायचा आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहायचे, ही पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली. यथार्थतेसाठी, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातंय का हे पाहण्यासाठी, फारसी गुणांची तुलना झाली ती आपोआप येणाऱ्या नकारात्मक विचारांच्या प्रश्नावलीशी. ती हॉलन आणि केंडल यांनी १९८० मध्ये बनवली होती, अमेरिकन विद्यार्थ्यांवरच! म्हणजे ज्या काट्यानं तोलायचं तोही कॉलेजातूनच आलेला.

त्याआधी, २००३ मध्ये, मानसिक त्रास ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १२ प्रश्नांच्या सामान्य आरोग्य प्रश्नावलीची फारसी तपासणी तेहरानमधल्या १८ ते २५ वयाच्या ७४८ तरुण-तरुणींवर झाली होती. तिथेही अल्फा ०.८७च. नमुना सहापट मोठा, पण तिथेही तरुणच.

माझ्या मते खरी अडचण आकड्यांमध्ये नाही, त्यांच्या पुढच्या वापरात आहे. बेकच्या प्रश्नावलीत ० ते ६३ गुण मिळतात. १३ पर्यंत किमान, १४ पासून सौम्य, २० पासून मध्यम, २९ पासून तीव्र, या सीमारेषा अमेरिकन रुग्णांवरून आखलेल्या आहेत. अल्फा कितीही उंच असला तरी एवढंच कळतं, की एका मुद्द्याला जास्त गुण देणारा माणूस बाकीच्या मुद्द्यांनाही जास्त गुण देतो. इराणी माणसाच्या बाबतीत १९ आणि २० यांच्यामध्ये काही बदलतं का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी मुलाखत घेऊन निदान केलेले रुग्ण हवेत, आणि त्यांच्या शेजारी निदान नसलेले लोक.